गाडीचा उतारा आणि माणसाची अब्रू



उसाचा उतारा घसरला की आपण काय करतो? जात कोणती होती, लागण कधीची होती, तोड वेळेवर मिळाली का, तुटलेला ऊस किती तास फडात पडून राहिला, मोळीत पाचट आणि वाढे किती गेले, हे सारे एकेक करून तपासतो. एकदम कुणाच्या अंगावर जात नाही. जनरल सभेत आवाज चढतो ती गोष्ट वेगळी. पण घरी बसून हिशेब मांडताना आपल्याला पक्के ठाऊक असते, की उतारा दहा कारणांनी घसरतो.

आता गाडीच्या उताऱ्याचे पाहा. म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर चालली त्याचे. तो घसरला की आपण एकच कारण सांगून मोकळे होतो, "ड्रायव्हरनं डिझेल खाल्लं!"

मीही तेच म्हणालो होतो. चारचौघांत, पारावर, मोठ्या आवाजात म्हणालो होतो. ते चूक होते, आणि ते कसे चूक ठरले हे आकड्यांनिशी सांगावे म्हणून आज पत्रिकेची ही जागा मागून घेतली आहे.

आमच्या घरी पिकअप आहे. २०२१ साली घेतली. ऊस कारखान्याला ट्रॅक्टरनेच येतो. पिकअपचे काम म्हणजे बेण्याची ने-आण, खताची पोती, रोपांचे ट्रे, आणि आठवड्यातून एखादी खेप भाजीपाला घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात. पेठ नाक्यावरून जाऊन-येऊन चारशे किलोमीटर धरा. गाडीवर जे ड्रायव्हर होते त्यांना सारे गाव मामा म्हणते. आमच्याकडे नऊ वर्षे होते. आधी जुना टेम्पो त्यांनीच चालवला, मग ही पिकअप.

२०२३ च्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी गाडी 'सुधारून' घेतली. कारखान्याहून आली तशी गाडी आता कुणाला चालतच नाही. मूळची २१५/७५ आर १५ ची चाके काढून २३५/७५ ची रुंद आणि उंच चाके चढवली, ३६ हजार. हौद्याच्या फळ्या लोखंडी अँगल मारून दोन फूट उंच केल्या, वर जाळी, २२ हजार. मागे स्प्रिंगचे जादा पाटे घातले, ९ हजार. टपावर कॅरिअर आणि पुढे झगझगीत दिव्यांची पट्टी, ८ हजार. एकूण ७५ हजार झाले. गाडी दिसायला झाली रांगडी. मलाही बरे वाटले, खोटे कशाला सांगू? शेजारच्यांनी "अण्णा, गाडी लईच नटवलीसा!" म्हटले तेव्हा मी मिशीत हसलो होतो.

दोन महिन्यांत पंपाचे बिल वाढले. पूर्वी गाडी लिटरला १३.४ किलोमीटर देत असे. ती आता १०.६ वर आली. महिन्याला मीटरमध्ये २,४०० किलोमीटर पडतात. पूर्वीच्या हिशेबाने त्याला १७९ लिटर लागायला हवे होते, लागले २२६. म्हणजे ४७ लिटरची तूट. डिझेल लिटरला नव्वद रुपये धरले तरी महिन्याला सव्वाचार हजारांचा खड्डा पडला.

मी मामांना पारावर अडवले. म्हणालो, "मामा, सत्तेचाळीस लिटर कुठं मुरतंय?" त्यांना आधी समजलेच नाही. समजले तेव्हा त्यांनी खिशातून किल्ली काढली, पाराच्या कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाले, "अण्णा, टाकीत नळी घालणारी औलाद आमची न्हवं." एवढे बोलून घरी गेले. परत आले नाहीत.

नवा ड्रायव्हर ठेवला. महिना गेला, उतारा १०.५. मनात म्हटले, हाही तसलाच. त्यालाही काढले. मग चिरंजीव स्वतः गाडीवर बसले. घरचाच माणूस, घरचेच डिझेल. त्या महिन्याचा उतारा आला १०.७. तेव्हा माझे डोळे उघडले. आता पोरगाही डिझेल विकतो म्हणायचे काय?

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक शंभर पानी वही सापडली. मामांच्या अक्षरातली. कुणी सांगितले नव्हते, तरी दर भरणीला तारीख, मीटरचा आकडा आणि लिटर, असे दोन वर्षांचे सारे टिपून ठेवलेले. १३.४ हा आकडा मला माहीत होता तो मामाच तोंडी सांगत असत म्हणून. आता त्याचा लेखी पुरावा हातात आला. डिझेल चोरणारा माणूस डिझेलची वही ठेवील काय?

मग मी पहिल्यापासून तपासायला बसलो. पद्धत साधी ठेवली. टाकी काठोकाठ भरायची, फेरी करायची, त्याच पंपावर परत काठोकाठ भरायची. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर किमान तीन फेऱ्या करायच्या. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने काय झाले हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. खताचा प्रयोग करताना आपण एका सरीत एकच खत बदलतो, तसेच हे.

पहिली गोष्ट निघाली ती ऐकून आपणांस हसू येईल. हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांप्रमाणे ५० किलोमीटर गाडी चालवली. मीटरमध्ये पडले ४८. दोन किलोमीटर गेले कुठे? गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. मूळचे चाक ७०३ मिलिमीटर व्यासाचे, नवे ७३३ चे. मोठे चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वाचार टक्के जास्त अंतर कापते, पण मीटरला त्याचा पत्ता नसतो. तो जुन्याच चाकाचा हिशेब लावत बसतो. आपल्या काट्यावर रिकाम्या गाडीचे वजन जुनेच धरले तर उसाचे वजन चुकेल ना? तसलाच प्रकार. म्हणजे गाडी प्रत्यक्षात १०.६ नव्हे, ११ किलोमीटर देत होती. त्या ४७ लिटरांतले सात-साडेसात लिटर कुणी चोरलेही नव्हते आणि कुणी उधळलेही नव्हते. ती नुसती मीटरची चूक होती, आणि तिचा आळ मात्र एका माणसावर गेला.

उरलेले चाळीस लिटर मात्र खरोखरच जळत होते. ते कुठे, ते क्रमाने सांगतो.

जुनी चाके गोठ्याच्या माळ्यावर पडून होती. ती परत चढवली, हवा कंपनीने सांगितली तेवढी भरली. मीटर दगडाशी जुळला आणि उतारा ११.६ वर आला. रुंद, जड चाक रस्त्यावर फिरवायलाच ताकद जास्त लागते. हवा कमी असली की चाक दर फेऱ्याला दबते आणि त्या दबण्यात डिझेल जाते. हवेला पैसा पडत नाही, तरी महिना-महिना आपण चाकाला हवेची नळी लावत नाही.

दुसरे, माल. जादा पाटे घातल्यापासून आम्ही १५ क्विंटलऐवजी २२ क्विंटल माल भरत होतो. तो परत १५ वर आणला. उतारा १२.३ झाला.

तिसरे, हौद्याच्या उंच फळ्या. त्या उतरवल्या आणि उतारा १३ वर गेला. खरा चोर इथे होता. गाडीला वारा अडवतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. साठऐवजी ऐंशीने गाडी पळवली, तर वेग वाढला सव्वापटीपेक्षा थोडा जास्त, पण वाऱ्याचा अडथळा होतो जवळजवळ पावणेदोनपट. गावच्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात उंच फळ्यांनी वाऱ्याचा फारसा फरक पडत नाही. हायवेवर मात्र ती दोन फुटांची भिंत घेऊन आपण वाऱ्याशी कुस्ती खेळत असतो, आणि येताना रिकामी गाडीसुद्धा तीच भिंत घेऊन येते.

चौथे, टपावरचे कॅरिअर आणि दिवे काढले. १३.२ आले. पण हा दोन दशांशांचा फरक मी छातीठोकपणे सांगणार नाही. पंपावर टाकी काठोकाठ भरण्यातच तेवढे इकडे-तिकडे होते. १३.४ ला जे दोन दशांश कमी पडले ते पाट्यांच्या वजनाचे आणि गाडीच्या वयाचे म्हणून मी सोडून दिले.

या निमित्ताने गावच्या वजनकाट्यावर रिकामी 'नटवलेली' गाडी मी आधीच तोलून घेतली होती. आर.सी. बुकात लिहिलेल्या रिकाम्या वजनापेक्षा ती २३० किलो जास्त भरली. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गाडीचे एकूण मंजूर वजन काही वाढत नाही. ज्या गाडीला १५ क्विंटल माल नेण्याची परवानगी, ती आता कायद्याने पावणेतेरा क्विंटलच नेऊ शकते. ७५ हजार रुपये घालून आम्ही गाडीची ताकद वाढवली नाही, सव्वादोन क्विंटल घटवली!

आता कुणी सभासद उठून विचारील, "अण्णा, पण माल जास्त गेला त्याचं काय? खेपा तर वाचल्या!" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे खरे उत्तर मी लपवणार नाही. चारशे किलोमीटरच्या फेरीला २२ क्विंटल घेऊन साडेचौतीस लिटर लागले; म्हणजे क्विंटलला सुमारे १.५७ लिटर. १५ क्विंटल घेऊन, फळ्या उतरवून, ३०.३ लिटर लागले. म्हणजे क्विंटलला २.०२ लिटर. नुसत्या डिझेलच्या हिशेबाने जादा भार स्वस्त पडतो. फेरीला दहा लिटर, नऊशे रुपये वाचतात.

पण हिशेब तिथे थांबवला तर तो अर्धाच राहील. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीपासून, जादा भाराचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. बावीस-तेवीस फेऱ्यांची बचत एका पावतीत जाते. त्यात टायर लवकर झिजणार, क्लच प्लेट जळणार, ते वेगळे. आणि खंबाटकी असो की कात्रज, घाटउताराला ब्रेक पकडले नाहीत तर त्याचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा? पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. गाडी बसत नाही एवढेच. थांबते तेवढीच, किंबहुना कमीच.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तेही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलाच्या विपरीत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम उचलून धरले. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ पासून आहे. आमच्या गाडीत असे बदल किती होते ते मोजायला मी बसलो नाही. रात्रीची झोप प्यारी असते.

आणखी दोन गोष्टींपासून सावध राहा. कृषी प्रदर्शनात मंडप घालून कुणी डिझेलच्या नळीला लावायचे लोहचुंबक विकतो, कुणी टाकीत टाकायच्या गोळ्या. "पंचवीस टक्के बचत" म्हणून पाटी असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गेल्या काही दशकांत अशी शंभरावर साधने तपासून पाहिली. मोजक्यांत किंचित फरक दिसला. डोळ्यांत भरावी अशी बचत एकाही साधनात आढळली नाही. पंचवीस टक्के खरोखर वाचत असते, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच ते चुंबक बसवून नसते का दिले?

दुसरे, १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा लागू आहे. अशा डिझेल गाडीच्या सायलेन्सरमधली काजळी अडवणारी गाळणी "काढून टाक, मायलेज वाढतंय" असा सल्ला मिस्त्री देतात. असे करू नका. ती गाळणी साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करते आणि त्या वेळी थोडे जादा डिझेल घेते, हे खरे. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच्या खेपांनाच वापरली तर ती लवकर तुंबते, हेही खरे. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून गाडी हायवेवर सलग चालवणे, गाळणी फोडणे नव्हे. ती फोडल्यावर निघणारी काजळी आपल्याच पोराबाळांच्या छातीत जाते.

मग फुकटात काय होते? पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघ कित्येक वर्षे सांगत आला आहे, की ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग राखा, चाकात हवा नीट ठेवा, उभ्या गाडीचे इंजिन बंद करा, एअर फिल्टर साफ ठेवा. वाचताना हे फार साधे वाटते. पण मामांची वही चाळताना माझ्या ध्यानात आले, की मामा हेच करत होते. हायवेवर पन्नास-पंचावन्नच्या वर गाडी नेत नसत. त्यावरून आम्हीच त्यांची चेष्टा करत होतो, "मामा, बैलगाडी मागनं हॉर्न देतीया!" तो १३.४ चा उतारा जेवढा गाडीचा होता तेवढाच मामांच्या पायाचा होता.

हे सारे आमच्या घरापुरते असते तर पत्रिकेची पाने मी अडवली नसती. पण ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांकडे पाहा. रुंद टायर, डोक्यावर दिव्यांची आरास, आणि आधी गाणे मग ट्रॅक्टर येतो असले भोंगे! त्या सगळ्याचे डिझेल शेवटी कुणाच्या माथी? तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या एफआरपीतून वजा होऊनच बिल आपल्या हाती पडते. वाहतूकदार दरवाढ मागतो तेव्हा त्याची अडचण खरी असते. पण गाडी लिटरला किती देते आणि का देते, हे त्यालाही माहीत नसते आणि आपल्यालाही. मग बोलणी अंदाजावर होतात, आणि अंदाजाचा भुर्दंड सभासदाला बसतो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. संचालक मंडळाने हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन दिवस ठरवून सभासदांच्या व वाहतूकदारांच्या रिकाम्या गाड्या कारखान्याच्या काट्यावर मोफत तोलून द्याव्यात. आर.सी. बुकातले वजन आणि खरे वजन शेजारी-शेजारी लिहून चिठ्ठी हातात द्यावी. दुसरे, वाहतूक करार करताना प्रत्येक गाडीला एक डिझेल वही द्यावी. तारीख, मीटर, लिटर, टन, एवढे चार रकाने पुरेत. दराची चर्चा त्या वहीवरून व्हावी. याला खर्च किती? छपाईचा तेवढाच.

आता शेवटचे. हिशेब पुरा झाला त्या संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो. वही पुढे ठेवली आणि चुकलो म्हणालो. परत या म्हणालो. ते आता दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर आहेत. त्यांनी शब्द दिला आहे, तो मोडणार नाहीत. चहा झाला. निघताना मला म्हणाले, "अण्णा, घरात येऊन सांगितलंसा, बरं वाटलं. पर आळ पारावर घेतला हुता."

ते खरे होते. दुसऱ्या दिवशी पारावर गेलो, ज्यांच्यादेखत बोललो होतो त्यांना थांबवले आणि सारा हिशेब वाचून दाखवला. पण तोवर ती गोष्ट आमच्या पारावरून आजूबाजूच्या चार गावांत पोचली होती, आणि ही पत्रिका त्या चारही गावांत जाते. म्हणून इथेही लिहितो, की मामांनी आमच्या गाडीचे एक थेंबही डिझेल खाल्ले नाही. ते आम्हीच खाल्ले. चाकांत, फळ्यांत आणि वेगात.

सभासद बंधूंनो, आपली गाडी उद्या कमी चालू लागली तर आधी चाकाची हवा पाहा, मग वही पाहा, मग काटा पाहा. माणसाकडे सर्वांत शेवटी पाहा. चाके माळ्यावरून उतरवून परत चढवता येतात. नऊ वर्षांचा माणूस तसा परत येत नाही.

कळावे,
आपला एक सभासद